ऑसिलेटर बंद केल्यावर

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या डार्करूमला जाड काळे पडदे होते आणि मार्च उजाडला की पंखा लावूनही तिथे घाम निथळायचा. सगळ्यात आतल्या टेबलावर अल्ट्रासॉनिक ग्रेटिंगचं, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लाटांनी प्रकाश फाकवण्याचं, प्रॅक्टिकल मांडलेलं असे. सामान साधंच: सोडियमचा दिवा, प्रकाशाचे कोन मोजणारा स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या मधल्या चकतीवर काचेची चौकोनी पेटी, पेटीत रॉकेल, आणि रॉकेलात एका कडेला बुडवलेली क्वार्ट्झची पातळ टिकली. टिकलीच्या दोन वायरी ऑसिलेटरला, म्हणजे विजेची झपाट्यानं उलटसुलट कंपनं देणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या. रेशनवरचं रॉकेल मिळेनासं झाल्यावर लॅबमधले काका ते कुठून कुठून पैदा करत आणि बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवत, ‘फक्त प्रॅक्टिकलसाठी’.

विद्यार्थ्याला आयपीसमधून आधी एकच पिवळी रेघ दिसते. मग ऑसिलेटर चालू करायचा आणि नॉब अगदी हळू फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. टिकलीची स्वतःची कंपनसंख्या जवळ आली, की रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक फिकट रेघ उमटते. नॉब आणखी केसभर सरकवला की त्या ठळक होतात आणि त्यांच्याही पलीकडे दोन येतात. ‘मॅडम, आलं!’ असा आवाज त्या काळोखातून आला की मला दर वेळी तेवढाच आनंद व्हायचा. रॉकेल तेच असतं, निवळशंख, आरपार दिसणारं. पण आता त्यातून आवाजाच्या लाटा चाललेल्या असतात. कुठे ते किंचित दाट झालेलं, कुठे किंचित विरळ, आणि दाट-विरळ थरांची ही रांग प्रकाशाला ग्रेटिंगचं काम देते. ५ मेगाहर्ट्झला रॉकेलातल्या लाटेची लांबी पाव मिलिमीटरच्या जरा वर जाते. शेजारशेजारच्या रेघांमधला कोन जेमतेम सात-आठ मिनिटं, म्हणजे अंशाचा आठवा हिस्सा. व्हर्निअरवर, म्हणजे कोन वाचायच्या बारीक पट्टीवर, भिंग धरून तेवढं वाचता आलं की पुढचं गणित दोन ओळींचं. कोनावरून लाटेची लांबी काढायची, तिला कंपनसंख्येनं गुणायचं, आवाजाचा वेग मिळतो: सेकंदाला सुमारे १३०० मीटर. वेगाच्या वर्गाला घनतेनं गुणलं की रॉकेल दाबायला किती अवघड आहे तेही कळतं.

जर्नलवर सही एवढ्यावर व्हायची. माझं मन मात्र तिथून पुढे धावायचं. या सगळ्या खटाटोपात रॉकेलला कुणी यंत्रात घालून दाबलेलं नसतं. प्रकाश त्यातून आरपार गेला आणि जाताना त्याचा स्वभाव सोबत घेऊन आला. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये तेच प्रॅक्टिकल केलं तर रॉकेलातला वेग उन्हाळ्यात कमी भरतो. पेटीत पाणी घेतलं तर मात्र उलट, उन्हाळ्यात वेग वाढतो: २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटरच्या आसपास असलेला वेग ३० अंशांना १५०९ पर्यंत जातो. मुलं एकमेकांच्या वह्या बघून गोंधळायची, पण दोघांचंही बरोबर असायचं. बहुतेक द्रव तापले की सैलावतात. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असल्यामुळे ते या बाबतीत सगळ्यांपेक्षा निराळं वागतं आणि त्यातला आवाजाचा वेग थेट ७४ अंशांपर्यंत वाढत राहतो. पाण्याचं हे निराळेपण पेटीतल्या चार पिवळ्या रेघांत दिसतं याचं मला अजूनही अप्रूप आहे.

एकदा एका मुलीनं सामान आवरता आवरता विचारलं, ‘मॅडम, ऑसिलेटर बंद केला की रॉकेल गप्प होतं का?’

इतका नेमका प्रश्न विद्यार्थ्यांकडून क्वचित येतो. गप्प होत नाही. कोणताच पदार्थ गप्प नसतो. खोलीच्या तापमानाला असलेल्या प्रत्येक द्रवातून, काचेतून, खड्यातून, आपल्या डोळ्यांतूनसुद्धा सगळ्या दिशांना, सगळ्या कंपनसंख्यांच्या ध्वनिलहरी सतत चाललेल्या असतात. त्यांना कुणी सुरू केलेलं नसतं. घन पदार्थातली उष्णता म्हणजे अशा लहरींचीच गर्दी, हा हिशेब पीटर डिबाय यांनी १९१२ साली मांडला. हेच डिबाय पुढे १९३२ साली सीअर्स यांच्याबरोबर द्रवात आवाज सोडून त्यावरून प्रकाश वळवतात, म्हणजे आमचं डार्करूममधलं प्रॅक्टिकल करतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्युका आणि बिकार यांनीही ते केलं. आणि मधली ती एकावर एक रेघ उमटण्याची भानगड गणितात पक्की बसवली ती बंगळूरला रामन आणि नागेंद्र नाथ यांनी, १९३५-३६ मध्ये. हा त्यांचा सिद्धांत शिकवताना माझा आवाज आपोआप चढायचा, असं विद्यार्थी सांगतात.

लेऑन ब्रिलुआँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं आमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न कितीतरी आधी स्वतःला विचारला होता. पहिल्या महायुद्धानं त्याचं काम मध्येच तुटलं, आणि सविस्तर उत्तर छापून आलं ते १९२२ साली. पदार्थ आपल्या उष्णतेनंच थरथरत असेल तर त्या थरथरीवरूनही प्रकाश विखुरला पाहिजे, आणि विखुरताना त्याची कंपनसंख्या थोडी बदलली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. लाट प्रकाशाच्या समोरून येत असेल तर परतणारा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लाट पुढे पळत असेल तर किंचित तांबड्याकडे. लाटा दोन्हीकडे जाणाऱ्या असतात, त्यामुळे मूळ रेघेच्या दोन बाजूंना दोन रेघा. त्या जितक्या दूर, तितका आवाजाचा वेग जास्त आणि पदार्थ तितका कठीण.

माठ घेताना आपण तो टिचकी मारून वाजवून घेतो, खणखणला तर पक्का आणि बद्द वाजला तर तडा गेलेला. ब्रिलुआँच्या पद्धतीत टिचकीचीही गरज नाही, कारण माठ मुळातच वाजतो आहे. आपल्याला फक्त ते वाजणं ओळखण्याइतकी बारीक नजर हवी.

नजर किती बारीक हवी, ते आकड्यांत सांगते, कारण या विषयातली खरी अडचण आणि खरी गंमत तिथेच आहे. पाण्यात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सोडला आणि सरळ मागे परतणारा प्रकाश पाहिला, तर ज्या ध्वनिलहरीशी त्याची गाठ पडते तिची लांबी पाण्यातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी असते, म्हणजे २०० नॅनोमीटर. पाण्यात आवाज सेकंदाला १४८० मीटर जातो. तेव्हा या लहरीची कंपनसंख्या आली सेकंदाला ७४० कोटी, म्हणजे ७.४ गिगाहर्ट्झ. कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ. आमच्या क्वार्ट्झच्या टिकलीची धाव ५ मेगाहर्ट्झ. ती टिकली सेकंदाला जितक्या वेळा कापते, त्याच्या हजार-दीड हजार पट वेगानं तांब्यातलं पाणी आपण होऊन थरथरत असतं. पण हिरव्या प्रकाशाची स्वतःची कंपनसंख्या ५६३ टेराहर्ट्झ आहे, त्यामुळे ७.४ गिगाहर्ट्झचा फरक म्हणजे पंचाहत्तर हजारांत एक. डोळ्याला तो हिरवा तसाच हिरवा दिसणार. साध्या प्रिझमला किंवा ग्रेटिंगलाही तो फरक पेलत नाही. साध्या काचेत आवाज सहा हजारांच्या आसपास पळतो, म्हणून तिथे हाच फरक ३२-३३ गिगाहर्ट्झ होतो. दाबायला किती अवघड, याचा वेगावरून हिशेब केला तर पाण्याचा आकडा २.२ गिगापास्कल येतो आणि शुद्ध सिलिका काचेचा ७८. पाणी एक टक्का दाबायचं तर वातावरणाच्या दोनशेहून अधिक पट दाब द्यावा लागेल, हे आपल्याला त्यातल्या नुसत्या थरथरीवरून कळतं.

हा फरक पाहण्यासाठी फाब्री आणि पेरो या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेलं साधन कामी आलं: अगदी समांतर ठेवलेले दोन अर्धपारदर्शक आरसे, मध्ये काही मिलिमीटर जागा. प्रकाश त्यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा आपटत राहतो आणि ज्याची तरंगलांबी त्या जागेत नेमकी बसते तोच बाहेर पडतो. लेझर यायच्या आधीची माणसं हे पाऱ्याच्या दिव्यावर आणि फोटोच्या काचेवर करायची. विखुरलेला प्रकाश इतका मंद असायचा की एका फोटोसाठी काच तासन्‌तास उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात खोलीचं तापमान हललं, की आरशांमधली जागा हलली आणि सगळं धुवून गेलं. त्या चिकाटीपुढे मी मनापासून हात जोडते.

या कथेत मुंबईचंही एक पान आहे. १९२१ मध्ये रामन इंग्लंडहून एस. एस. नारकुंडा या बोटीनं परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं नुसतं प्रतिबिंब, हे त्या वेळचं उत्तर त्यांना पटत नव्हतं. बोटीवर त्यांनी प्रतिबिंबाचा प्रकाश गाळून टाकणाऱ्या निकोलच्या प्रिझममधून पाणी न्याहाळलं, पृष्ठभागावरचं प्रतिबिंब बाजूला काढलं, आणि निळाई तशीच राहिली. पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. हे मांडणारं त्यांचं टिपण बोट मुंबई बंदरात लागली तेव्हाच्या तारखेचं आहे. आपली ठाण्याची खाडी ज्या पाण्याला जाऊन मिळते, तेच ते बंदर. द्रवाची घनता कणाकणानं कमीजास्त होत असते म्हणून तो प्रकाश विखुरतो, हे स्मोलुखोव्स्की आणि आइन्स्टाइन यांनी १९०८ ते १९१० च्या दरम्यान दाखवलं होतं. रामन त्याच वाटेनं जात होते. ब्रिलुआँनं एक वर्षानंतर एवढंच जोडलं, की घनतेतले ते चढउतार जागच्या जागी बसून राहत नाहीत, ते ध्वनिलहरी होऊन धावतात.

इकडे पुढे मॉस्कोत काम केलेल्या मांडेलश्टाम या शास्त्रज्ञांनीही हाच विचार केला होता. ब्रिलुआँचा सविस्तर लेख यायच्या आधी, १९१८ मध्येच, असं मानतात. पण त्यांचा लेख आला १९२६ मध्ये. मग लांड्सबर्ग यांना सोबत घेऊन त्यांनी क्वार्ट्झच्या खड्यात त्या दोन जवळच्या रेघा शोधायला घेतल्या. त्या दिसल्या नाहीत. दिसल्या त्या भलत्याच लांबवर पडलेल्या रेघा, १९२८ च्या फेब्रुवारीत. त्याच महिन्यात कोलकात्याला रामन आणि कृष्णन यांना द्रवांमध्ये तशाच रेघा सापडल्या होत्या. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो त्यामुळे. मॉस्कोवाले ज्या रेघा शोधायला निघाले होते त्या दोन वर्षांनी, १९३० मध्ये, लेनिनग्राडला येव्गेनी ग्रॉस यांनी द्रवांत पाहिल्या. रामन परिणामात रेणू आतल्या आत हलतात, अणू एकमेकांच्या जवळ-दूर होतात, आणि प्रकाश कितीतरी मोठी उडी घेतो. ब्रिलुआँच्या रेघांत हजारो-लाखो रेणू एका तालात पुढे-मागे सरकतात. एकातून पदार्थ कशाचा बनला आहे ते कळतं, दुसऱ्यातून तो किती घट्ट आहे ते. माझ्या मते विज्ञान दिनाला शाळाशाळांतून पहिल्याची जेवढी गोष्ट सांगितली जाते, त्याच्या निम्मी तरी दुसऱ्याची सांगायला हवी, कारण तीही आपल्याच देशात पुढे वाढली आहे. १९३८-३९ मध्ये बंगळूरला रामन आणि वेंकटेश्वरन यांनी ग्लिसरीनवर हे प्रयोग केले. अल्ट्रासॉनिक टिकलीनं मोजलेल्या वेगापेक्षा प्रकाशानं मोजलेला वेग बराच जास्त निघाला.

या ग्लिसरीनपाशी मी वर्गात नेहमी थांबायचे. एकाच बाटलीतलं ग्लिसरीन, वेग मात्र दोन. कारण असं की दाब आला की द्रवाचे रेणू सरकून, वळून स्वतःला जुळवून घेतात, आणि या जुळवून घेण्याला वेळ लागतो. आवाज सेकंदाला काही लाख वेळा हलवत असेल तर ग्लिसरीनला तेवढी उसंत मिळते, ते मऊ लागतं. सेकंदाला अब्जावधी वेळा हलवलं तर रेणूंना हलायला वेळच उरत नाही आणि तेच ग्लिसरीन घन पदार्थासारखं ताठ वागतं. पदार्थ किती कठीण आहे, या प्रश्नाला म्हणूनच एकच एक उत्तर नसतं. किती वेगानं विचारलं, ते आधी सांगावं लागतं. शिवाय त्या बाजूच्या रेघा किती रुंद आहेत यावरून आवाज त्या पदार्थात किती लवकर विरतो, म्हणजे पदार्थ किती चिकट आहे, हेही समजतं. रेघेची जागा आणि रेघेची रुंदी, एवढ्या दोन गोष्टींत केवढं भरलेलं असतं!

ग्लिसरीनचा हा धडा मला अगदी घरात आठवावा लागला. माझ्या भाचीचा चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता. कॉलेजला जाणारी मुलगी, डोळे चोळायची सवय. डॉक्टरांनी कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढला आणि केराटोकोनस असल्याचं सांगितलं. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, एका जागी पातळ आणि कमकुवत होत जातो आणि आतल्या दाबानं शंकूसारखा पुढे येतो. तिच्यावर क्रॉसलिंकिंग झालं: कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि त्यावर अतिनील प्रकाश, ज्यामुळे कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून तिनं मला विचारलं, ‘आत्या, आकार बिघडल्यावरच कळतं का हे? मऊ झालंय ते आधी नाही कळत?’

नेमकं तेच ब्रिलुआँच्या रेघांवरून कळावं म्हणून गेली काही वर्षं प्रयत्न चालू आहेत. रंगीत नकाशा आकार दाखवतो, आणि आकार हा परिणाम आहे. कारण मऊपणात आहे, आणि डोळा दाबून मऊपणा मोजणं सोपं नाही. २००८ मध्ये स्कार्सेली आणि युन या दोघांनी हे तंत्र सूक्ष्मदर्शकाला जोडलं. आरशांमधली जागा बदलत हळूहळू एकेक रेघ शोधण्याऐवजी त्यांनी काचेची एक खास पट्टी वापरली, जी सगळा वर्णपट एकाच वेळी कॅमेऱ्यावर उलगडते, त्यामुळे जिवंत डोळ्यावर मोजता येईल इतका वेळ वाचला. अवरक्त प्रकाशाचा मंद झोत कॉर्नियावर टाकायचा, स्पर्श करायचा नाही, आणि परतलेल्या प्रकाशातल्या रेघांची जागा बिंदूबिंदूला टिपायची. केराटोकोनसच्या कॉर्नियात शंकूच्या जागी ही रेघ निरोगी कॉर्नियापेक्षा सुमारे दोन टक्के जवळ सरकलेली आढळली, आणि शंकूपासून लांब, कडेला, ती जवळजवळ निरोगी कॉर्नियासारखीच राहिली.

पण इथे घाईनं ‘मऊपणा मोजला’ म्हणणं मला मान्य नाही. कॉर्नियाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी आहे. बोटानं दाबलं तर कॉर्निया किलोपास्कल ते मेगापास्कलच्या हिशेबात मऊ लागतो, कारण बोटाखाली तो बाजूला सरकून जागा करतो. प्रकाशातल्या ध्वनिलहरी मात्र त्याला जागच्या जागी, सेकंदाला अब्जावधी वेळा, दाबतात. बाजूला सरकायला वेळ नाही, आणि पाणी दबत नाही, म्हणून उत्तर गिगापास्कलमध्ये येतं, हजारो पट मोठं. २०१८ मध्ये याच मुद्द्यावरून मोठी चर्चा झाली: ओल्या, जेलीसारख्या पदार्थांत रेघ सरकते ती मुख्यतः पाण्याचं प्रमाण बदलल्यामुळे, कडकपणामुळे नव्हे, असं प्रयोगांनी दाखवलं गेलं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. तरीही त्यामुळे तंत्र मोडीत निघत नाही. एकाच डोळ्यात, एकाच वेळी, मधला भाग आणि कडेचा भाग यांच्यातला फरक पाहायचा असेल तर तो फरक खरा आहे, मग तो पाण्याचा असो की धाग्यांचा, आणि डॉक्टरांना पुष्कळदा तेवढाच हवा असतो. भाचीला मी एवढं सगळं रिक्षात सांगितलं. तीनहात नाका येईपर्यंत तिनं ते ऐकून घेतलं.

भूकंपशास्त्रज्ञांचा याच्याशी असलेला संबंध थोडक्यात सांगते. पृथ्वीच्या पोटातून भूकंपाच्या लहरी किती वेगानं येतात ते मोजता येतं. पण तिथे कुठलं खनिज आहे हे कळायला तेच खनिज तितक्याच दाबाखाली ठेवून त्यातला आवाजाचा वेग माहीत असावा लागतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसाच्या जाडीएवढा खडा चिमटून तो दाब देतात, आणि हिरे पारदर्शक असल्यानं आत काय चाललंय ते प्रकाशानं पाहतात. इतक्या लहान आणि इतक्या दाबलेल्या खड्याला टिकली चिकटवणं अवघडच. तिथे ब्रिलुआँची पद्धत फार मोलाची ठरते.

माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाशावर संदेश वाहणाऱ्या काचेच्या बारीक तारांच्या, कामात आहे. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरं उभी राहिली तशी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीखालून फायबरचं जाळं वाढलं, आणि त्याबरोबर याचं कामही. एकदा संध्याकाळी त्यानं मला त्यांच्या व्हॅनमध्ये जोड मारताना दाखवलं. केसाहून बरंच जाड, २५० मायक्रॉनचं रंगीत आवरण तो एका चिमट्यानं ओढून काढतो, आतली १२५ मायक्रॉनची काच अल्कोहोलच्या कापडानं पुसतो, तेव्हा ती चक्क किरकिरते. मग क्लीव्हरमध्ये ठेवून टक्क असा छेद. दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर येतात, छोट्या पडद्यावर ती एकमेकांकडे सरकताना दिसतात, ठिणगी पडते आणि काच एक होते. मशीन जोडातला तोटा लिहून देतं. वर छोटी नळी चढवून गरम केली की काम झालं. तो हे बोलता बोलता करतो. मी मात्र श्वास धरून बघत होते.

जोड तपासायला त्याच्याकडे ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. प्रकाशाचा एक ठोका फायबरमध्ये सोडायचा आणि वाटेत काचेतून विखुरून मागे येणारा प्रकाश वेळेनुसार मांडायचा. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून दहा किलोमीटरवरचं उत्तर १०० मायक्रोसेकंदांत परत येतं. जेसीबीनं केबल तोडली असेल तर ती नेमकी कुठे, ते पडद्यावरच्या रेघेत दिसतं. ‘पण मॅडम, तुटायच्या आधीचं दिसत नाही,’ तो म्हणाला. ‘केबल ताणली गेलेली असते, महिनोन्‌महिने. रेघ अगदी सरळ. आणि एक दिवस पटकन जाते.’

ओटीडीआरला दिसतो तो कंपनसंख्या न बदललेला प्रकाश. त्याच परतीच्या प्रकाशात त्याहून कितीतरी दुबळा एक भाग असतो, ११ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकलेला: फायबरमधल्या काचेच्या स्वतःच्या थरथरीवरून आलेला. काच ताणली की तिच्यातला आवाजाचा वेग बदलतो आणि हे ११ गिगाहर्ट्झही हलतात. १५५० नॅनोमीटरला एक टक्का ताणाला सुमारे ५०० मेगाहर्ट्झ. तापमान वाढलं तरी ते हलतात, दर अंशाला सुमारे एक मेगाहर्ट्झ. बहुतेक घन पदार्थ तापले की मऊ होतात. सिलिका काच तापली की उलट थोडी ताठर होते. म्हणजे अख्खं फायबरच मोजपट्टी बनतं. १० नॅनोसेकंदांचा ठोका सोडला तर दर मीटरला ताण किती आणि ऊब किती ते वाचता येतं, दहादहा किलोमीटरपर्यंत, आणि वाटेत कुठेही वेगळं यंत्र बसवायचं नाही. तेलवाहिन्या, धरणं, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या यांवर जगात ठिकठिकाणी हे वापरलं जातं. दूरसंचारवाल्यांना एरवी हीच थरथर नकोशी असते, कारण फायबरमध्ये प्रकाशाची ताकद एका मर्यादेपलीकडे वाढवली की ती लहर स्वतःच बळावते आणि बराचसा प्रकाश उलटा फिरवते. लेझरच्या जोरावर ही लहर बळावते, हे १९६४ मध्ये चाओ, टाउन्स आणि स्टोइचेफ यांनी क्वार्ट्झ आणि नीलमच्या खड्यांत पहिल्यांदा दाखवलं.

माझ्या विद्यार्थ्यानं आता एक महागडं यंत्र काही दिवसांसाठी मागून घेतलं आहे. पारसिकच्या डोंगराच्या उतारावर, जिथे पावसाळ्यात माती खाली येते, तिथे एक फायबर चरात पुरून त्याला बघायचं आहे की उतार सरकायला लागल्याचं आधी कळतं का. त्याचा चर खणून झाला होता तेव्हा मी जाऊन आले. फायबर मातीत घट्ट बसवायचं, म्हणजे माती सरकली की तेही ताणलं जाईल, असा त्याचा बेत होता.

मी त्याला तिथेच, चराच्या कडेला उभी राहून, हिशेब करून दाखवला. जूनचा पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा तापलेली माती पाच अंशांनी सहज निवते. म्हणजे पाच मेगाहर्ट्झ कमी. त्याच पावसात उतार सरकला आणि शंभर मीटरांत फायबर एक सेंटीमीटर ताणलं गेलं, तर तो ताण एक टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे पाच मेगाहर्ट्झ जास्त. दोन्ही एकत्र आले की बेरीज शून्य. डोंगर हललेला असेल आणि पडद्यावर काहीच हललेलं नसेल. म्हणून त्याच चरात, शेजारीच, दुसरं फायबर बारीक नळीत सैल सोडून ठेवायचं. ते मातीबरोबर ताणलं जात नाही, फक्त तापतं आणि निवतं. दोन्हींची वजाबाकी केली की उरतो तो डोंगराचा ताण. त्यानं मान डोलावली, खिशातून फोन काढला आणि नळीसाठी तुर्भ्याच्या दुकानदाराला तिथूनच फोन लावला.